तीन बोटं खचलेलं घर

पोर्तुगालमधल्या आमच्या तोमार गावात खोटं बोललेलं खपतं, खोटं मोजलेलं खपत नाही.

बोलण्याचं म्हणाल, तर चौकातल्या दगडी सरदाराच्या पायाशी बाकावर बसून मी चाळीस वर्षं बोलतोय. बाहेरगावची माणसं येतात, मान वर करून सरदाराकडे बघतात, मग खाली माझ्याकडे बघतात, आणि मी सुरू होतो. हा सरदार सणाच्या वर्षी चौथऱ्यावरून उतरतो आणि माझ्या थोरल्या भावाकडून बुटांना नवे तळ ठोकून घेतो. दरवेळी डावा बूट चावतो अशी तक्रार करतो. टेकडीवरच्या किल्ल्यात पांढऱ्या झग्यावर लाल क्रूस लावणारे ते जुने योद्धे राहायचे ना, त्यांचे घोडे शुक्रवारचा उपास इतका कडक पाळायचे की त्या दिवशी मांसाला तोंड लावत नसत. लोक हे वहीत उतरवून घेतात. एक जर्मन बाई तर "केवढी शिस्त" म्हणाल्या.

पण पोटाचा धंदा मोजण्याचा. दर चार वर्षांनी जुलैत आमच्याकडे मनोऱ्यांचा सण येतो. वेताची टोपली, तिच्यात उभ्या बोरूच्या काठ्या, काठ्यांत ओवलेले तीस पाव, मधे कागदाची फुलं आणि गव्हाच्या ओंब्या, माथ्यावर मुकुट. असा मनोरा डोक्यावर घेऊन बाया गावभर पाच किलोमीटर चालतात आणि प्रत्येकीच्या शेजारी एक पुरुष मदतीला असतो. मनोरा जिचा, तिच्या उंचीएवढाच. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. आमच्या भागातले मनोरे आधी आजोबांनी बांधले, मग वडिलांनी, मग मी. आमच्याकडे मापाला टेप नाही, दार आहे. कारखान्याच्या चौकटीला बाईने पाठ लावायची, डोक्यावर फळी आडवी धरायची, फळीच्या रेषेत चाकूने खाच पाडायची आणि शेजारी नावाचं पहिलं अक्षर कोरायचं. नव्वद वर्षांच्या खाचा आहेत तिथे. गावातल्या आज्या एके काळी केवढ्या होत्या हे फक्त माझ्या दाराला माहीत.

डाव्या बाजूला, बरोबर माझ्या ओठांच्या उंचीवर, एक खाच आहे. शेजारी 'दि' आहे. ही खाच मी बावीस वर्षांचा असताना पाडली आणि हात थरथरत होता म्हणून ती जराशी वाकडी आहे. 'दि' म्हणजे दिओलिंदा. ती तेव्हा वीस वर्षांची होती, तिचा मनोरा मी बांधला होता आणि तिच्या शेजारून चालणारही मीच होतो.

चाललो नाही. मिरवणुकीच्या सकाळी मी गायब झालो ते थेट संध्याकाळी उगवलो, डोक्यापासून पायापर्यंत धुळीने माखलेला. पुरुष शेजारी नाही म्हणून दिओलिंदाला रांगेतून काढलं. तिचा मनोरा तिच्या मामेबहिणीने नेला, कारण दोघींची उंची सारखी होती आणि तिच्याजवळ मदतीला माणूस होता. दिओलिंदा फुटपाथवर उभी राहून स्वतःचा मनोरा जाताना बघत होती. संध्याकाळी मी सगळ्यांना सांगितलं की किल्ल्यापासून नदीपलीकडच्या चर्चपर्यंत योद्ध्यांचं जे भुयार आहे, त्यात मी शिरलो होतो आणि वाट चुकलो. भुयार आहे असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. आत जाऊन आलेला मी एकटा.

पुढच्या वसंतात तिने एका गवंड्याशी लग्न केलं आणि दोघं फ्रान्सला गेले. मीही लग्न केलं. ओदेत माझ्याबरोबर सुखात राहिली, ती माझं बोलणं ऐकत नसे म्हणून. नऊ वर्षांपूर्वी ती गेली.

आता यंदाच्या जूनमधली गोष्ट. दुपारी मी बोरू सोलत बसलो होतो, तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. केस पांढरे, कानात दिओलिंदाचे तेच बारीक सोन्याचे डूल.

"अजून आहेस?" ती म्हणाली.

"सणापुरता."

"नवरा गेला. पोरं आपापल्या घरी आहेत. मी कायमची परत आले. माझा मनोरा बांध."

"नातीचा म्हणतेस?"

"माझा. कानात बोरू गेलाय का तुझ्या?"

मी तिच्याकडे बघितलं. बहात्तर वर्षांची बाई. तिने माझ्या डोळ्यांतला हिशेब ओळखला.

"महिनाभर डोक्यावर पाण्याची बादली घेऊन जिना चढउतार करतेय," ती म्हणाली. "खालच्या मजल्यावरच्या बाईला वाटतं, नळ बिघडलाय माझा. वेळ नको घालवू, झेफरीनु. एकदा घालवलायस."

हे माझं नाव. गावात सगळे मला तियु झेफरीनु म्हणतात, म्हणजे झेफरीनुकाका. नुसतं झेफरीनु म्हणणारं आता ओदेतनंतर कोणी उरलं नव्हतं.

पण मिरवणुकीत कोण चालणार ती यादी माझ्या हातात नव्हती. आमच्या भागाची यादी दोना एर्मिनियांकडे. दोना म्हणजे बाई; निवृत्त शिक्षिका. अजूनही रस्त्यात त्या समोरून आल्या की मोठी माणसं खिशातून हात बाहेर काढतात. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्या कागदी खसखशीची फुलं वळत होत्या. आमच्या गल्लीत यंदा सजावटीला कोणतं फूल लागणार हे गुपित, म्हणून त्यांनी आधी ती परातीखाली झाकली आणि मग बसा म्हणाल्या.

"बहात्तर," त्या म्हणाल्या. "वयाला माझी हरकत नाही, दिओलिंदा. पाठीला आहे. पंधरा किलोचं ओझं आहे. वाकलेल्या पाठीवर मनोरा कलतो, आणि एक कलला की मागचे दहा कलतात. तियु, तुमच्या दारावर हिची खाच आहे ना?"

"आहे."

"शनिवारी सकाळी येते. डोकं आपल्या खाचेला लागलं, तर पाठ सरळ आहे. नाव लिहीन. नाही लागलं, तर बँकेच्या सावलीत खुर्ची ठेवीन. गादीची."

"खुर्ची तुम्हालाच ठेवा," दिओलिंदा म्हणाली. "मी जाताना हात हलवीन."

तिथून निघून आम्ही पुलापर्यंत आलो. पुलावर ती म्हणाली, "मी काही लहान झाले नाही ना रे?"

"छे. होतीस तेवढीच आहेस."

हे खोटं बोललेलं होतं. मोजलेलं नव्हतं. मोजणं रविवारी झालं. आमच्या चर्चमध्ये डाव्या भिंतीला निळ्या फरशा आहेत आणि दिओलिंदा प्रार्थनेला त्याच भिंतीशी उभी राहते. मी दोन रांगा मागे उभा राहिलो आणि देवाकडे न बघता फरशा मोजल्या. अकरा फरशा. माझ्या दारावरची तिची खाच अकरा फरशांच्या वर तीन बोटं आहे, हे मी झोपेतही सांगेन. पाठ सरळ होती, मान ताठ होती, पण वयाने तिच्यातली तीन बोटं अलगद काढून घेतली होती, जशी सगळ्यांतलीच घेतं. माझ्यातली तर चार.

शुक्रवारी दुपारी, गाव जेवून पडलेलं असताना, मी दार आतून लावलं. वाकडी खाच मेणाने भरली. मेणात काजळी आणि अक्रोडाच्या सालीचा रस मिसळला होता, म्हणजे रंग लाकडाचाच दिसावा. तिचा 'दि'ही भरला. मग बरोबर तीन बोटं खाली नवी खाच पाडली, शेजारी नवा 'दि' कोरला, त्यावर तेल आणि धूळ चोळली. खाच जरा वाकडी पाडायची होती, पण हात यंदाही आपसूकच थरथरला, तेवढे कष्ट वाचले. नव्वद वर्षांत त्या दाराने सोसलेलं हे पहिलं खोटं माप.

शनिवारी दहाला दोना एर्मिनिया आल्या. हातात वही, मागे त्यांची भाची, तिचा सरावाचा मनोरा तयार होता आणि तो न्यायला ती आली होती. थोड्या वेळाने दिओलिंदा आली. चांगला घोळदार झगा, जमिनीला टेकलेला. चाल जरा जपून. मला वाटलं, घाबरली आहे.

"उभी राहा," दोना एर्मिनिया म्हणाल्या.

दिओलिंदाने चौकटीला पाठ लावली, श्वास घेतला, हनुवटी समांतर धरली. मी फळी आडवी ठेवली.

फळी नव्या खाचेच्या तीन बोटं वर होती.

मी फळी उचलली, परत ठेवली. तीन बोटं वर. मेण भरलेल्या जुन्या खाचेवर अगदी बरोबर. क्षणात मला कळलं, आणि त्याच क्षणी तिलाही कळलं, कारण तिने डोळे फिरवून खाचेकडे बघितलं आणि तिचे कान लाल झाले. माझं काम मी अचूक केलं होतं. तिनेही तिचं काम अचूक केलं होतं. त्या झग्याखाली, बुटांत, तीन बोटं बूच होतं.

"तियु," दोना एर्मिनिया चष्मा पुसत म्हणाल्या, "पन्नास वर्षांत ही बाई वाढली आहे."

"फ्रान्समध्ये लोणी चांगलं मिळतं," दिओलिंदा म्हणाली.

"बहात्तराव्या वर्षी?"

भाची तोंडावर हात धरून उभी होती. आणि दिओलिंदा माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता. ती वाट बघत होती. बावन्न वर्षांपूर्वी फुटपाथवर उभी राहून तिने माझी अशीच वाट बघितली असणार, हे मला तेव्हा प्रथमच सुचलं.

"वाढली नाही," मी म्हणालो. "घर खचलंय."

"काय?"

"घर खचलं की चौकट खचते. चौकट खचली की खाच खाली जाते. बाई तेवढीच राहते. साधी गोष्ट आहे, दोना एर्मिनिया, तुम्ही गणित शिकवायचात."

"आणि घर का खचलं?"

"खाली भुयार आहे. योद्ध्यांचं. मी बावन्न वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. कोणी ऐकलं नाही."

दोना एर्मिनिया चौकटीजवळ गेल्या. बोटाच्या नखाने त्यांनी लाकूड चाचपलं, थांबल्या, आणि जुन्या खाचेतून मेणाचा एक तपकिरी तुकडा उचकटून काढला. उन्हात धरून त्याचा वास घेतला.

"घर खचताना मेण गाळतं वाटतं."

"भुयारात ते लोक मेणबत्त्या लावायचे," मी म्हणालो. "ओल वर चढते तसं मेणही चढतं. जुन्या घरांत होतं."

"आणि सगळ्या खाचा जागेवर, हिचीच तेवढी खचली?"

आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड उघडलं आणि आत नुसती हवा होती.

तेव्हा दिओलिंदा खाली वाकली, झगा सावरला आणि एकेक बूट काढला. बुटांतून बुचाच्या चकत्या निघाल्या, नीट घासून गोल केलेल्या. त्या तिने माझ्या बाकावर ओळीने मांडल्या, आणि अनवाणी पायाने पुन्हा चौकटीला पाठ लावली.

"फळी ठेव," ती मला म्हणाली.

मी ठेवली. फळी नव्या खाचेला लागली, अशी की मधे कागद जाऊ नये.

"ही माझी उंची," ती दोना एर्मिनियांना म्हणाली. "फ्रान्समधल्या डॉक्टरनेही हीच सांगितली. तीन बोटं गेली. वाकून नाही गेली, अशीच गेली. हात लावून बघा पाठीला."

दोना एर्मिनियांनी खरंच हात लावला, मानेपासून कमरेपर्यंत, घोडा विकत घेताना लावतात तसा.

"आणि तो कोणाचा?" दिओलिंदाने कोपऱ्यातल्या मनोऱ्याकडे बोट केलं.

"माझा," भाची म्हणाली. भाची चांगली उंच मुलगी. मनोरा दिओलिंदापेक्षा वीतभर तरी उंच होता.

"घेऊ का जरा, पोरी?"

तिने माझ्या बाकावरचं फडकं उचललं, वळून त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली. मी मनोरा उचलून दिला. तिची मान हलली नाही. ती दाराबाहेर पडली आणि अनवाणी, गरम दगडांवरून, गल्लीतून पुलाकडे निघाली. एक हात वर टोपलीला, दुसरा कमरेवर. न्हाव्याने दाढी अर्धी सोडली आणि गिऱ्हाईकासकट बाहेर आला. वरच्या खिडकीतून कोणीतरी विचारलं, "सण आज आहे काय गं?" आणि तिने मान न हलवता उत्तर दिलं, "तुझ्यासाठी आजच, तू जुलैपर्यंत टिकत नाहीस." पुलावर तिने वळसा घेतला, वळताना मनोऱ्यावरची एक ओंबीही हलली नाही, आणि ती परत आली. कपाळावर घाम होता. मी मनोरा उतरवून घेतला.

"पायाला चटके बसले," ती म्हणाली. "बाकी ठीक."

दोना एर्मिनियांनी वही उघडली. नाव लिहिलं. मग माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं.

"शेरा काय लिहू? खाच जुळली की नाही जुळली?"

"नवी जुळली," मी म्हणालो.

"मी लिहिते, घर तीन बोटं खचलं." आणि त्यांनी तसं खरोखर लिहिलं, शाळेतल्या सुंदर अक्षरात. "मदतीला कोण?"

मी बोरूकडे बघायला लागलो. दिओलिंदा बूट चढवत होती, आता बुचाशिवाय.

"ह्याचंच लिहा," ती म्हणाली. "पण आदल्या दिवसापासून ह्याला दाराला बांधून ठेवा."

जुलै आला. गल्लीवर खसखशीच्या कागदी फुलांचं छत चढलं, आणि पलीकडच्या गल्लीतल्यांना ते बघून जेवण गेलं नाही असं मी सगळ्यांना सांगितलं. दिओलिंदाचा मनोरा मी तीनदा बांधून दोनदा सोडला. मिरवणुकीच्या सकाळी मी पांढरा सदरा घातला, बाह्या दुमडल्या, खांद्यावर काळी टोपी टाकली. टाय तिच्या छातीवरच्या पट्ट्याच्या रंगाचा, लाल. पहाटे सहालाच तिच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. मिरवणूक चारला होती.

चौकात शेकडो मनोरे जमिनीवर उभे होते, प्रत्येकाशेजारी तेवढीच उंच बाई. पहिली घंटा झाली. दुसरी झाली. तिसऱ्या घंटेला सगळे मनोरे एकदम वर गेले आणि क्षणभर असं वाटलं की अख्खा चौकच टाचा उंचावून उभा राहिलाय. दगडी सरदारानेही मान जरा वळवली. हे मी स्वतः बघितलं.

ती चालली. चढावर नाही थांबली, उतारावर नाही थांबली. लोक वरून फुलांच्या पाकळ्या टाकत होते, त्यातली एक तिच्या नाकावर बसली आणि तिने फुंकर मारून उडवली. नदीकाठी विसाव्याचा हुकूम आला. आम्ही मनोरे उतरवले, मी तिला पाणी दिलं, आणि मनोऱ्याला टेकून तिने विचारलं, "त्या दिवशी कुठे होतास रे?"

खोटं तयार होतं. भुयारात नवी खोली सापडल्याचं. मी ते गिळलं.

"घाबरलो होतो. तुझ्या शेजारून चालायचं म्हणून. गाडीवानाने, अल्बानुने, धीर यावा म्हणून वाइन पाजली. मी त्याच्या बैलगाडीत पेंढ्यावर जरा पडलो. ती गाडी पिंपं उतरवून परत जाणारी होती. जागा झालो तेव्हा शेजारच्या गावी एका गोठ्यात होतो. चालत परत आलो."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"अल्बानुने मला मिरवणुकीनंतरच्या मंगळवारीच सांगितलं होतं. चाकाच्या खडखडाटातही तुझं घोरणं ऐकू येत होतं म्हणाला."

मी पाण्याची बाटली तशीच धरून उभा राहिलो.

"मग एवढी वर्षं?"

"एवढी वर्षं मी पोरांना भुयाराचीच गोष्ट सांगितली," ती म्हणाली. "तिकडे हिवाळा लांब असतो. गोठ्यात घोरत होता हे काय सांगणार? वाढवली बरीच. मधे एका योद्ध्याशी तुझी तलवारीने मारामारीही लावून दिली. नातवंडांना पाठ आहे ती."

"जिंकलो का मी?"

शिट्टी वाजली. पुढच्या बाया चुंबळी डोक्यावर ठेवायला लागल्या. तिने आपली ठेवली, मान सरळ केली आणि दोन्ही हात मनोऱ्याकडे पसरले.

"अजून चाललीय ती मारामारी," ती म्हणाली. "उचल आता."

मी उचलला.